रिकामा रकाना

महाविद्यालयातले एखादे काम कोणाच्याच गळ्यात पडत नसले, की ते मराठी विभागाच्या गळ्यात पडते, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. संमेलनाचे आभारप्रदर्शन, भिंतीवरच्या पाट्यांचे शुद्धलेखन, पाहुण्यांच्या मानपत्राचा मसुदा ही तर आमची वहिवाटीची कामे. २०२५ च्या जूनमध्ये त्यांत आणखी एकाची भर पडली. माजी विद्यार्थ्यांनी गरजू मुलांच्या शुल्कासाठी एक निधी उभा केला होता. त्याच्या वाटपाकरिता समिती नेमली गेली आणि प्राचार्यांनी माझ्याकडे पाहून प्रसन्न हास्य केले.

"चिटणीसपद तुमच्याकडे, सर. तुम्हांला काही प्रॅक्टिकल्स नसतात."

मीही मान डोलावली. मला वाटले, पन्नासएक अर्ज येतील, मी ते निवांतपणे वाचीन, एखाद-दुसऱ्या अर्जाने गलबलून येईल आणि यादी तयार होईल. अर्ज आले ३८६.

अट तशी सरळ होती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत असावे आणि हजेरी बरी असावी. पण उत्पन्नाची नोंद होती कार्यालयाच्या डेटाबेसमध्ये. हजेरीचे आणि गुणांचे तक्ते होते संख्याशास्त्र विभागातल्या आमच्या सहकाऱ्यांकडे. आणि अर्ज मुलांनी आपापल्या मोबाइलवरून भरलेले, ते आणखी तिसरीकडे. अशी तीन ठिकाणची तीन बाडे. ती एका जागी आणून ताडून पाहिल्याशिवाय कोणाला मदत द्यायची ते ठरणार नव्हते. आणि मौज अशी, की प्रत्येक बाडाशी बोलायची भाषा निराळी!

भाषा म्हटल्यावर मी जरा सरसावून बसलो. 'नियमांनी बांधलेली भाषा' असे कोणी म्हटले, की माझ्या डोळ्यांपुढे दामल्यांचे १९११ सालचे जाडजूड व्याकरण उभे राहते. पण या भाषा निराळ्या. यांत अपवाद नाहीत, आर्ष प्रयोग नाहीत, 'शिष्टसंमत' म्हणून एखादी चूक पोटात घालणे नाही. नियम म्हणजे नियम. माझी भाची पुण्यात एका कंपनीत अशाच आकडेवारीच्या पृथक्करणाचे काम करते. दोन रविवार मामाकडे जेवायला ये आणि माझी सुटका कर, असे मी तिला विनवले. ती आली, आणि जेवणाआधीच माझी शिकवणी सुरू झाली.

कार्यालयाचा डेटाबेस एसक्यूएल बोलतो. ही भाषा तशी वयस्कर. एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली आणि आयबीएममधल्या चेंबरलिन व बॉइस या दोघांनी १९७४ साली त्या तक्त्यांशी बोलण्यासाठी ही भाषा पुढे आणली. तिचा थाट यजमानाचा आहे. काय हवे तेवढे सांगायचे. ते कसे आणायचे याची चिंता आपण करायची नाही. पंगतीत बसलेला माणूस 'वरण' म्हणतो, ते चुलीवरून कसे उतरवावे हे काही वाढप्याला शिकवीत नाही, तसे.

संख्याशास्त्राचे सहकारी मात्र आर या भाषेचे उपासक. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी ती १९९० नंतरच्या वर्षांत रचली. दोघांच्या नावांचे आद्याक्षर आर, शिवाय बेल प्रयोगशाळेत आधीच एस नावाची अशीच एक भाषा होती. तिच्या शेजारचे अक्षर म्हणूनही आर. नाव ठेवायला एवढे पुरे झाले. आणि भाचीची भाषा पायथन. ग्विदो व्हान रोसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. मी मनातल्या मनात तिचे 'अजगर' असे भाषांतर करून ठेवले होते. पण ते नाव सापावरून नसून 'मॉन्टी पायथन' या इंग्रज विनोदी मंडळींवरून आले आहे, असे कळले. या भाषेत ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. नवा परिच्छेद करताना बोटभर जागा सोडा म्हणून मी मुलांच्या मागे वर्षानुवर्षे लागलो आहे. कोणी ऐकत नाही. इथे ती जागा चुकली तर गाडी जागची हलत नाही! ही भाषा मला एकदम आवडली.

"पण एवढ्या भाषा कशाला?" मी विचारले. "तुझ्या पायथनमध्येच सगळं करून टाक ना."

"मामा, होईलसुद्धा. पण मामी चटणी विळीवर वाटते का?"

स्वयंपाकघरातून उत्तर आले, "मामी मिक्सरमध्ये वाटते!" पण मुद्दा माझ्या ध्यानात आला. लाखो ओळींतून नेमक्या हव्या त्या ओळी उचलाव्यात एसक्यूएलने. सरासरी, चढउतार, आकृत्या यांत आरचा हात धरणारा विरळा. आणि इकडचे तिकडे नेणे, वेडीवाकडी माहिती विंचरून सारखी करणे यात पायथन पटाईत. जाणती माणसे तिघींनाही एकाच कामावर बसवतात. ज्युपिटर नावाची एक वही असते. त्या नावातच ज्युलिया, पायथन आणि आर अशा तीन भाषा गुंफल्या आहेत.

अडचण येते ती वेशीवर. एका भाषेतून माहिती दुसऱ्या भाषेत जाताना काय होईल ते सांगता येत नाही. आर एकापासून मोजते, पायथन शून्यापासून. म्हणजे पायथनच्या हिशेबी इमारतीला आधी तळमजला असतो आणि मग पहिला मजला. आरच्या हिशेबी तळमजलाच पहिला. यादीच्या नावापुढे कंसात उणे एक लिहिले, तर पायथन 'शेवटचा द्या' असे समजते आणि आर 'पहिला सोडून बाकी सगळे द्या' असे समजते. हे ऐकताना मला आमच्या हिंदीच्या प्राध्यापिकाबाईंची आठवण झाली. 'शिक्षा' हा शब्द त्यांच्या वर्गात गौरवाचा आणि माझ्या वर्गात धाकाचा! त्यांच्या मुलांनी चेष्टा केली तर त्या खूश होतात, माझ्या मुलांनी केली तर मी रागावतो. एकच शब्द, एकच लिपी, आणि दोन भाषांत दोन तऱ्हा.

मग भाचीने मला गंमत म्हणून एक खेळ दाखवला. तिने 'प्रेम' हा शब्द लिहिला आणि मला विचारले, "मामा, अक्षरं किती?"

"दोन," मी म्हणालो. हे मला कोणीही रात्री झोपेतून उठवून विचारावे.

तिने मायएसक्यूएलला लांबी विचारली. ते म्हणाले १५. पायथनला विचारली, ते म्हणाले ५. मी चष्मा पुसला. पायथनने प, हलन्ताची खूण, र, मात्रा आणि म असे पाच तुकडे वेगळे मोजले होते. डेटाबेसने त्या प्रत्येक तुकड्याला साठवायला लागणारे तीन-तीन बाइट मोजले होते. डोळ्यांना एकसंध दिसणारी अक्षरे मोजण्याचे युनिकोडचे नियमही निराळे आहेत. त्यांच्या जुन्या हिशेबाने उत्तर येई ३, आणि २०२३ साली नियम सुधारले तेव्हा ते आले २. म्हणजे माझ्या उत्तराला पोचायला जगाला २०२३ साल उजाडावे लागले, याचे मला थोडे समाधान वाटले. प्रेमाची लांबी कोणाला विचारता यावर अवलंबून आहे, असे मी म्हणालो. पण भाचीला तो विनोद जुना असावा.

पहिल्या रविवारी आमची विज्ञान शाखाच्या शाखा हरवली. त्या शाखेतल्या मुलांचे प्रवेश क्रमांक शून्याने सुरू होतात. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत माहिती नेताना आम्ही स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल वापरली होती. ही फाइल म्हणजे पोस्टकार्ड. त्यावर मजकूर जातो, पण हा आकडा आहे की नाव आहे, ते काही त्यावर लिहिलेले नसते. पलीकडच्या भाषेला ०४७३ हा आकडा वाटला, तिने पुढचे शून्य निरुपयोगी म्हणून खाली ठेवले आणि ४७३ या क्रमांकाचा कोणीच विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात नसल्याचे जाहीर केले. रकान्याचा प्रकार रकान्याबरोबरच पाठवणारी ॲरो नावाची सोय २०१६ पासून आहे, असे भाचीने सांगितले आणि पुढचा सारा प्रवास तिने त्याच वाहनाने केला.

दुसऱ्या रविवारी कऱ्हाड दोनदा निघाले. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांची गाववार मोजणी केली, तर कऱ्हाडची मुले एका ओळीत ४ आणि दुसऱ्या ओळीत ३. दोन्हीकडे 'कऱ्हाड' असेच छापलेले. मी भिंगाने पाहिले, तरी काना-मात्रेचा फरक नाही. शेवटी असे निघाले, की एका यादीत तो 'ऱ' अखंड अक्षर म्हणून टंकला होता आणि दुसरीत साधा 'र' टंकून त्याच्या पायाशी वेगळा टिंब दिला होता. युनिकोडच्या नियमांप्रमाणे ही दोन्ही रूपे समानच आहेत. पण त्यांना समान माना, असे यंत्राला आधी सांगावे लागते. मी मुलांचे शुद्धलेखन तपासताना डोळ्यांवर विश्वास ठेवतो. इथे डोळे बाद!

अशा रीतीने सगळे सांधे जुळून याद्या तयार झाल्या. उत्पन्नाच्या अटीत बसणारी २४१ मुले, न बसणारी १३८. पहिल्या यादीवर हजेरीची चाळणी लागायची, की झाले. तक्ते देखणे दिसत होते. शनिवारी समितीची बैठक होती आणि अहवालात सर्व अर्जदारांच्या कौटुंबिक उत्पन्नाची सरासरी द्यावी, अशी देणगीदारांची इच्छा होती. तेवढे एक कलम उरले होते.

सरासरी भाचीने पायथनमध्ये काढली. एका क्षणात आकडा आला. आरमध्येही काढून पाहावी, दोन्ही जुळले म्हणजे निर्धास्त, असे म्हणून आमच्या सहकाऱ्यांनी तीच माहिती घेऊन आरला विचारले. आरने आकडा दिलाच नाही. तिथे नुसती दोन अक्षरे उमटली: एनए. उपलब्ध नाही.

"काही नाही, सर," ते म्हणाले. "कुठं तरी एखादा रकाना रिकामा असणार. आर त्या बाबतीत हट्टी आहे. रिकामं गाळ म्हणून एक शब्द टाकला, की बरोबर येतंय बघा."

त्यांनी तो शब्द टाकला. आकडा आला, आणि तो पायथनच्या आकड्याशी दशांशापर्यंत जुळला. दोन भाषांचे एकमत झाले. सहकाऱ्यांनी चहाचा कप उचलला. भाचीने संगणक मिटायला घेतला.

मी कशामुळे अडलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा गुणपत्रिका लिहिण्याची सवय. परीक्षकाच्या हाती शून्य आणि 'गैरहजर' या दोन अगदी निराळ्या गोष्टी असतात. शून्य मिळवणारा मुलगा येऊन बसलेला असतो, त्याने काही तरी खरडलेले असते. गैरहजर मुलाविषयी आपल्याला काहीच माहीत नसते. आणि वर्गाची सरासरी काढताना गैरहजर मुलांना वगळले, तर निदान तो का आला नाही एवढी चौकशी आपण करतोच. मी विचारले, "गाळलं ते ठीक. पण गाळली कोण?"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मग मी एका कागदावर बेरीज केली. २४१ आणि १३८ मिळून ३७९. अर्ज होते ३८६. सहलीला नेलेल्या मुलांना बसमध्ये चढताना आणि उतरताना मोजणारा मी, दोन आठवडे या मुलांना तीन भाषांच्या वेशींतून नेत होतो आणि एकदाही मोजले नव्हते.

भाचीचा चेहरा उतरला. तिने पहिल्या दिवशीची एसक्यूएलची आज्ञा काढून दाखवली. 'ज्यांचे उत्पन्न १ लाख किंवा त्याहून कमी' ही एक यादी, 'ज्यांचे त्याहून जास्त' ही दुसरी. मला यात वावगे काही दिसेना. आकडा एक तर कमी असेल नाही तर जास्त असेल. तिसरे काय असणार?

"असतं, मामा. या भाषेत खरं, खोटं आणि माहीत नाही, असं तीन प्रकारचं उत्तर असतं. रिकामं हे लाखापेक्षा कमी आहे का? माहीत नाही. जास्त आहे का? माहीत नाही. आणि यादीत येतात फक्त 'खरं' उत्तर आलेली. मला पाठ आहे हे. मी दुसऱ्यांना शिकवते."

तिने त्या सात मुलांना शोधायचे ठरवले. तेव्हा आणखी एक नवल पाहिले. 'ज्यांचे उत्पन्न रिकाम्याच्या बरोबर आहे' असे विचारले, तर उत्तरात एकही नाव नाही. कारण माहीत नसलेली एक गोष्ट माहीत नसलेल्या दुसऱ्या गोष्टीच्या बरोबर आहे की नाही, तेही माहीत नसते. 'ज्यांचे उत्पन्न रिकामे आहे' असे वेगळ्या शब्दांत विचारावे लागते. तसे विचारल्यावर सात ओळी पडद्यावर आल्या.

"खरं म्हणजे मला आधीच कळायला हवं होतं," भाची म्हणाली. पायथनमध्ये तिने उत्पन्नाचा रकाना उघडला, तेव्हा ८४००० च्या जागी ८४०००.० असे दिसत होते. पूर्णांकांच्या साध्या रकान्यात एक जरी जागा रिकामी असली, तरी तिचे ते अवजार सगळ्या रकान्याचे दशांश करून टाकते. "ते शून्य मी रोज बघत होते."

माझ्या मनात आले, आम्ही सगळे काम एकट्या पायथनमध्ये केले असते, तर सरासरी मुकाट्याने आली असती आणि शनिवारी प्राचार्यांची सही झाली असती. एसक्यूएलने सात मुले न बोलता बाजूला ठेवली. पायथनने न बोलता वगळली. आरने तेवढा आकडा द्यायचे नाकारले. दोन भाषा एका कामाला लावल्या आणि त्यांचे बिनसले, म्हणून आम्हांला कळले. आणि ते भांडण मिटवायला आम्ही एका शब्दाइतकाच वेळ घेतला होता!

सोमवारी मी कार्यालयात गेलो. भाऊसाहेबांनी कुरकुरत कपाट उघडले आणि प्रवेशाच्या वेळचे सात कागदी अर्ज माझ्यापुढे ठेवले. पाच मुलांनी तहसीलदारांचा दाखला जोडलाच नव्हता. एकाच्या दाखल्यावरचा आकडा नेमका शिक्क्याखाली गेला होता. सातवा अर्ज माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या एका मुलीचा होता. 'पालकांचे वार्षिक उत्पन्न' या रकान्यात तिने एक आडवी रेघ ओढली होती.

"भाऊसाहेब, या ठिकाणी तुम्ही संगणकात काहीच भरलं नाहीत?"

"काय भरू, सर? वडील मे महिन्यात गेले म्हणाली. आई खानावळीत पोळ्या लाटते, त्याचा दाखला कोण देणार? शून्य टाका म्हणाले होते मला इथले काही जण. मी म्हटलं, तिनं शून्य लिहिलेलं नाही. तिनं काही लिहिलेलंच नाही. मग मी कसं लिहू?"

शून्य टाकले असते, तर ती मुलगी यादीत सर्वांत वर आली असती. भाऊसाहेबांनी प्रामाणिकपणे रकाना रिकामा ठेवला, म्हणून ती नाहीशी झाली. आणि तरीही त्यांचे चुकले असे मला म्हणता येईना.

मी अर्ज हातात घेऊन विभागात आलो. जुलैमध्ये मी वर्गाला 'माझे वडील' या विषयावर दोन पाने लिहायला सांगितली होती. हा विषय दर वर्षी देतो, फार विचार करून देतो असे नाही. तिचा कागद मला आठवला. कपाटातून काढून पाहिला. पहिल्या परिच्छेदात वडील पहाटे उठतात, सायकल पुसतात, आम्हांला हाक मारतात. दुसऱ्यात ते सायकल पुसत असत. तिसऱ्यात पुन्हा हाक मारतात. मी प्रत्येक क्रियापदाखाली लाल रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते: 'काळाची सरमिसळ. एकच काळ ठेवावा.' दहापैकी पाच गुण दिले होते.

शनिवारच्या बैठकीत आम्ही तिसरी यादी ठेवली आणि सातही मुलांना बोलावून घ्यायचे ठरवले. सरासरीच्या आकड्याखाली ७ जणांचे उत्पन्न नोंदलेले नाही, अशी ओळ घातली. प्राचार्य म्हणाले, त्यामुळे अहवाल अपुरा दिसतो. सहकाऱ्यांनी त्यांना आरचा हट्टी स्वभाव समजावून सांगितला. पंधरा मिनिटे सांगितला. मला वाटते, ती ओळ राहिली ती त्या पंधरा मिनिटांच्या धास्तीने.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी आली. नवा अर्ज कागदावरच भरायचा होता. नाव, वर्ग, प्रवेश क्रमांक तिने भराभर लिहिले आणि त्या रकान्यापाशी येऊन थांबली.

"सर, इथं काय लिहू?"

"तो राहू दे तसाच," मी म्हणालो. "खाली मोकळी जागा आहे, तिथं सविस्तर लिही. लागेल तेवढं लिही."

तिचे पेन उमटेना. मी खिशातले काढून दिले. तिने टोपण काढले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की ते लाल आहे. मी ते घाईने परत घेतले आणि भाऊसाहेबांच्या टेबलावरून निळे आणायला गेलो.